मौजमेळ्यातलं विमान

मु. नारळखार, ता. अलिबाग
६ मे १९५९

मी नाचले नाही. हे आधी वाच, मग बाकीचं. मौजमेळ्यात आवडाबाई नाचली असं ज्यानं तुझ्या खोलीवर येऊन सांगितलं, त्याला एक तर दिसत नाही, नाहीतर बघवत नाही. तिथं बाजा वाजत होता, गर्दी होती, आणि एका लठ्ठ माणसाचा बूट माझ्या पायावर पडला. मी पाय झटकला. त्याला नाच म्हणायचं असेल तर तुझ्या गोदीतले हमाल दिवसभर नाचतात.

चि. रामचंद्रास आवडाबाईचा आशीर्वाद. हे पत्र माझ्या हातचं आहे. आजवर पोस्टमनकडून लिहून घ्यायचे, तर तो मेला माझ्या शिव्या गाळून तिथं ‘लोभ असावा’ घालायचा. साक्षरतेच्या वर्गाला दोन हिवाळे बसले ती काय उगीच? अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. ते वाच.

आता खरं काय झालं ते ऐक. टेंभीच्या दयारामाशी कमळीचा साखरपुडा झाला, आणि तू मुंबईहून हुकूम पाठवलास. पोरीला उंबऱ्याच्या आत ठेव, विहिरीवर पाठवू नको, टेंभीच्या कुणाच्या नजरेला पडता कामा नये. लग्न लागेपर्यंत असंच. एकोणीस वर्षांची पोर, आई लहानपणीच गेलेली, शेतात माझ्या बरोबरीनं भात लावणारी. तिला लोणच्याच्या बरणीसारखं तोंडाला फडकं बांधून फळीवर ठेवलं. शिमगा गेला, पाडवा गेला. पोरगी बोलायचीच बंद झाली. विचारलं तर मान हलवायची, बैलासारखी. मेळा सुरू झाला त्याच दिवशी मी म्हटलं, “कमळे, लुगडं बदल. अलिबागला जायचंय.”

“बाबांनी न्हाय सांगितलंय.”

“बाबानं कधी जन्माला यायचं ते मी ठरवलं. चल.”

मुंबईचा मौजमेळा आलाय, समुद्राकडच्या मैदानात. मे महिनाभर आहे. तट्ट्यांचं कुंपण, दारावर रंगवलेला वाघ, त्याचे डोळे बकरीचे. ऊन असं की वाळूत पाय ठेवला तर चपलेतून चटका. तरी माणसं लोटली होती. तू कधी गेला नसशील, म्हणून लिहिते. एक आरसेमहाल आहे. एका आरशात मी सुंभासारखी बारीक, दुसऱ्यात अशी आडवी पसरले की मांडवाच्या दारात अडकेन. कमळी हसली. किती दिवसांनी ते मला विचारू नको. मग मरणाची विहीर. विहीर म्हणायची आणि पाण्याचा थेंब नाही. लाकडी भिंतीवर एक गडी फटफटी चालवतो आणि मागं त्याची बायको बसते, हात सोडून, केसांत गजरा. आम्ही श्वास धरला, गजरा काही पडला नाही. पुढच्या तंबूत धड नसलेली बाई. टेबलावर नुसतं मुंडकं. नाव विचारा, सांगते. नशीब विचारा, सांगते. मी विचारलं, “बाय, जेवतेस ते जातं कुठं?” तर तिच्या माणसानं आम्हाला बाहेर काढलं.

उंटावर मी बसले नाही. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं तुझी आत्या बघायची.

मग आकाशपाळणा. बसलो. वर गेलो आणि पाळणा वरच अडकला. खालचा माणूस ओरडतोय, “घाबरू नका, पट्टा सुटलाय.” मी कशाला घाबरेन? मी सगळं बघून घेतलं, कुलाब्याचा किल्ला, समुद्र, शिडं, आपल्या बाजूची खाडी. कमळी मात्र वर गप्प झाली होती. भ्याली असणार. खाली उतरली तर तोंड लाल, त्यावरूनच कळलं.

शेवटी फोटो. एका तंबूत पुठ्ठ्याचं विमान आहे, माणसाएवढं. पुढं चालवणाऱ्याच्या जागी कमळीला बसवली, मागं मी. फोटोवाल्यानं तिला काळा चष्मा दिला, गळ्यात पांढरा रुमाल. म्हणाला, “हसू नका, विमान पडेल.” ती आणखीच हसली, तसाच त्यानं काढला. मग बर्फाचे गोळे खाल्ले आणि एस.टी.नं घरी आलो.

एवढंच झालं. यात नाच कुठं आहे तो दाखव. आणि तुला सांगणाऱ्याचं नाव लिही.

आवडाबाई

⁂

माझगाव, मुंबई
११ मे १९५९

तीर्थरूप आयेस रामचंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

नाव विचारलंस म्हणून लिहितो. येसाजी. दयारामचा चुलता, आपला होणारा व्याही. तो स्वतः रेवसच्या लाँचनं आला आणि माझ्या खोलीवर उभा राहिला.

आये, तू फोटो काढून घरी आलीस, पण फोटो घरी आला नाही. फोटोवाल्यानं तो ताटाएवढा मोठा करून मेळ्याच्या दारात टांगलाय. खाली लिहिलंय, विमानात बसा. टेंभीची माणसं मेळ्यातून येतात आणि येसाजीला विचारतात, “काय मुकादम, तुमची सून इमान चालवते व्हय?” मिठागरावर पोरं हात पसरून बांधावरून पळतात आणि तोंडानं घूं करतात. तुला हसू येईल. मला आलं नाही. साखरपुडा झाला की पोरगी त्या घरची. तिचं तोंड काळा चष्मा लावून भर बाजारात टांगलेलं त्यांनी कसं सोसावं?

येसाजीचं म्हणणं असं. एक, तो फोटो तू उतरवून आणायचा. दोन, तू आणि कमळनं टेंभीला जाऊन, त्यांच्या अंगणात नारळ ठेवून, चार माणसांत चुकलं म्हणायचं. नाहीतर साखरपुडा परत.

हे तो बोलला तेव्हा खोलीतले सगळे गडी ऐकत होते. मी सांगून टाकलं की आयेचं वय झालंय, हल्ली डोकं ठिकाणावर नसतं, पोरीचा काही दोष नाही. ते ऐकून तो नरमला. म्हणाला, “असं हाय तर मग बघू.” खिडकीतून पान थुंकला आणि चहासुद्धा प्याला. तेव्हा आये, तुझ्या पाया पडतो, एवढं निभावून ने. तिथं कुणी विचारलं तर जास्त बोलू नको. डोकं दुखतं म्हण.

कमळला इथं शेजारच्या बिऱ्हाडात बायकांत ठेवून घेतो, लग्नापर्यंत. बुधवारी माझ्या खोलीतला आपला गाववाला बाबाजी न्यायला येईल. त्याच्याबरोबर तांदळाचं पीठ पाठव.

तुझा आज्ञाधारक
रामचंद्र

⁂

मु. नारळखार
१६ मे १९५९

डोकं फिरलेल्या बाईला साष्टांग नमस्कार कशाला घालतोस? तिला समजणार आहे का तो?

पीठ मिळालं असेल. पोरगी मिळाली असेल. बाबाजी दारात उभा राहिला तेव्हा कमळीनं ट्रंक उचलली आणि निघाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुमच्या घराण्याला घाबरून तिनं मान टाकली, दुसरं काय. तुझी आज्ञा म्हणून पाठवली. माझ्या घरातून माणूस नेलास, हे लक्षात ठेव.

गुरुवारी मी एकटी मेळ्याला गेले. फोटो उतरवायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू. दारात पाहिलं. रामा, तू तो पाहिलाच नाहीस. पोरीचे सगळे दात दिसतात. एवढे दात तिला आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मागं मी बसलेय, पोलिसासारखी.

फोटोवाल्याला म्हटलं, “हे खाली घे. माझी नात आहे.”

तो म्हणाला, “आजी, हा उतरवला तर माझा तंबू बसेल. आधी इथं फक्त पोरं आणि बापे यायचे. हा लावला आणि बायका यायला लागल्या. त्या बघा.”

बघितलं तर उन्हात बायकांची रांग. एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन उभी, पाटीत बोंबील. फोटोवाला म्हणाला पाटी बाहेर ठेव, तर म्हणाली, “मी जाईन तिथं माझी पाटी. तुझं इमान काय एवढं नाजूक हाय?” तिच्यामागं डोक्यावर पदर घेतलेल्या दोघी. चेहरे ओळखीचे वाटले. टेंभीच्याच. येसाजीच्या आळीतल्या. मला बघून आधी पदर पुढं ओढला, मग एकीनं मागं सारला आणि म्हणाली, “आवडामावशे, पुढं बसायचं का मागं? पुढं बसलं तर ते चाक धराया मिळतं ना?”

मी म्हटलं, पुढंच बस.

मग फोटोवाल्याला म्हटलं, “राहू दे. पण तिरपा लावलाय, खिळा सरळ ठोक.” ठोकून घेतला आणि आले.

आता दुसरं. येसाजीच्या लेकीची, गोदूची हळद मंगळवारी, २६ तारखेला. त्या लग्नाच्या आमंत्रणाचा विडा माझ्या घरी कधीच आलेला आहे, धवलारीण म्हणून. तो मी शेजारच्या मनुबाईच्या हातानं टेंभीला परत पाठवला. निरोप असा दिला. आपल्यात लग्न भट लावत नाही, धवले गाऊन बाई लावते. देवांना नावानं हाका मारून मांडवात आणायचं काम धवलारिणीचं. तिच्या पोटच्या पोरानंच सांगितलंय की तिचं डोकं ठिकाणावर नाही. अशा बाईनं हाक मारली आणि देव मांडवाऐवजी शेजारच्या गोठ्यात जाऊन बसले, तर गोदूचं लग्न लागलं म्हणायचं का म्हशीचं? येसाजीसारख्या शहाण्या माणसानं ही जोखीम घेऊ नये.

मनुबाईनं निरोप जसाच्या तसा दिला. मी तिच्याकडून दोनदा म्हणून घेतला होता.

तू सांगितल्याप्रमाणे जास्त बोलले नाही. आणि डोकं दुखत नाही.

आवडाबाई

⁂

माझगाव, मुंबई
२१ मे १९५९

आये, हे तू काय करून बसलीस?

काल बाबाजी गावाहून आला. त्यानं सांगितलं ते ऐकून मी कामावर गेलो नाही. तुझा निरोप टेंभीत राहिला नाही, साऱ्या खाडीकाठानं फिरला. या वर्षी तू जिथं जिथं धवले गायलीस तिथल्या माणसांना घोर लागलाय. तुझं डोकं कधी फिरलं? चैत्रात का माघात? माघात फिरलं असेल तर माघातल्या पोरींचं काय? दिवलांगच्या कोंडाजीनं सुनेला माहेराहून आणायला पाठवलेली गाडी अर्ध्या वाटेवरून परत बोलावली. म्हणतो, आधी ठरू दे लग्न लागलंय का नाही. पलीकडच्या पाड्यावर एका सासूनं सुनेला चुलीला हात लावू दिला नाही, तर त्या पोरीनं सरळ सांगितलं, “मग मी तुमची कुणी न्हाय, पाणी तुम्हीच भरा,” आणि पाय पसरून ओटीवर बसली. ही सगळी माणसं येसाजीच्या अंगणात जमतात. त्याला विचारतात, डोकं फिरल्याचं तूच सांगत आलास, आता तूच निस्तर.

येसाजीनं दुसरी धवलारीण शोधली. पोयनाडकडची म्हणाली, एकीच्या घरून परत आलेल्या विड्याला मी शिवत नाही. तिच्या पुढची म्हणाली, आवडाबाई खुळी असेल तर मी पण खुळी, मला तिनंच शिकवलंय. भटजी आणावा म्हटलं तर गोदूची आई भिंतीला डोकं टेकून बसली आणि गोदू म्हणाली, धवल्याशिवाय हळद लागली तर मी धुऊन टाकीन.

आये, सगळं तुझ्या हातात आहे. एक ओळ लिहून दे. डोकं ठिकाणावर आहे, आणि मेळ्यात झालं ते चुकलं. दोन्ही लिही. नुसतं पहिलं लिहिलंस तर येसाजी म्हणेल, म्हणजे म्हातारीनं शुद्धीत माझी अब्रू टांगली. नुसतं दुसरं लिहिलंस तर लग्नं अडतात. त्यानं सोमवारपर्यंत वाट बघायचं ठरवलंय. तोपर्यंत चुकलं म्हणून आलं नाही तर साखरपुडा परत.

मी चूक केली असेल. पण मी घाबरलो होतो. तू कधी घाबरत नाहीस, म्हणून तुला कळत नाही.

कमळ नीट जेवत नाही. खिडकीशी बसते आणि गोदीतल्या बोटी बघते.

रामचंद्र

⁂

माझगाव, मुंबई
२२ मे १९५९

ती. आजीस कमळचा नमस्कार.

बाबा कामावर गेलेत. हे त्यांना न सांगता लिहिते. त्यांनी तुझी पत्रं मला वाचून दाखवली. म्हणजे वाचायला दिली, तुझं अक्षर त्यांना नीट लागत नाही.

तू लिहिलंयस की पाळणा वर अडकला तेव्हा तू किल्ला पाहिलास, समुद्र पाहिलास, शिडं पाहिलीस. आजी, तू डोळे गच्च मिटले होतेस. माझं मनगट धरलं होतंस आणि तोंडानं धवला पुटपुटत होतीस, दुसरं काही कानावर घेत नव्हतीस. मनगटावर अजून वळ आहे. म्हणून वर काय झालं ते तुला माहीत नाही.

साखरपुड्याला मी मान खाली घालून बसले होते. मला त्याचे फक्त पाय दिसले होते. मिठानं फुटलेल्या टाचा, उजव्या अंगठ्याला नख नाही. तेवढ्यावर मी इतके दिवस काढले. तू म्हणतेस मी बोलायची बंद झाले. पायांबद्दल कुणाशी काय बोलणार?

पाळणा अडकला आणि मी वर बघितलं, तर आमच्या वरच्या पाळण्यातून दोन पाय लोंबत होते. तेच. मी हाक मारली, “ओ टेंभी!”

तो खाली वाकला. असा वाकला की पाळणा हलला आणि तुझी नखं रुतली. बघतच राहिला. मग म्हणाला, “भ्यालीस?”

मी म्हटलं, “मी न्हाय. आजी भ्यालीय.”

“मी पण भ्यालोय,” तो म्हणाला.

“खालून कुणी बघंल.”

“बघू दे. मान मोडंल त्यांची.”

एवढंच बोललो. पट्टा लागला आणि आम्ही खाली आलो. नंतर विमानात बसले तेव्हा तो तंबूच्या दोरीपाशी उभा होता. मी हसले ते फोटोवाल्याला नाही. आणि हे सगळ्यात मोठं. तू गोळे आणायला गेलीस तेव्हा मी माझ्या कानांनी ऐकलं. तो फोटोवाल्याला म्हणाला, “ह्यो मोठा कर आन् म्होरं लाव. येताजाता दिसंल असा.” फोटो त्यानं लावायला सांगितला, आजी. आता घरात चुलता ओरडतो आणि तो मान खाली घालून मीठ ओढतो. एक शब्द बोललेला नाही.

हे तू येसाजीला सांगायचं नाहीस. माझी शपथ. त्याचं त्यानं सांगायला पाहिजे. नाही सांगता आलं तर मलाही कळू दे.

बाबांनी मला काही विचारलं नाही. येसाजी तर मला ओळखतही नाही. पण आजी, तूसुद्धा विचारलं नाहीस. तू माझ्यासाठी भांडतेस असं सगळे म्हणतात, पण भांडण तुझं आहे. तू जिंकशील आणि माझं लग्न मोडेल. मला टेंभीला जायचंय. नारळ हातात घेऊन, चोरासारखं नाही. पण जायचंय.

बाबाजी उद्या गावी येतोय, त्याच्याजवळ देते.

कमळ

⁂

मु. नारळखार
२४ मे १९५९

डोळे मिटले नव्हते. ऊन होतं.

कमळे, नाही विचारलं. बरोबर लिहिलंस. यावर आणखी लिहीत बसणार नाही, मला दुसरं पत्र लिहायचंय आणि हात दुखतो.

तू त्याच्या पायांचं पुष्कळ लिहिलंस. पाय सगळ्यांनाच असतात. त्याला तोंड आहे का, ते बघायला हवं. पाळण्यात वर बसून बोलणं सोपं असतं, तिथं चुलता येत नाही. शपथ घातलीस म्हणून येसाजीला सांगत नाही. पण गप्पही बसणार नाही, ते मला जमत नाही.

टेंभीहून काही आलं तर तू वाचायचंस. बाबाला आधी द्यायचं नाही. आणि जेव. उपाशी माणसाचं कुणी ऐकत नाही. तुझ्या बापाला सांग, आई पाळण्यात भ्याली होती. त्याला बरं वाटेल.

आजी

⁂

मु. नारळखार
२४ मे १९५९
(टेंभीस मनुबाईच्या हस्ते)

माझ्या पोराच्या खोलीच्या खिडकीतून पान थुंकलात. खाली कुणाचं डोकं होतं ते पाहिलंत का? दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला खुळी ठरवून चहा प्यालात. तो घशाखाली उतरला कसा, हे मला आधी सांगा.

येसाजी मुकादम यांस नारळखारच्या आवडाबाईचा रामराम. व्याही म्हणायचं की नाही ते या पत्राच्या उत्तरावरून कळेल, म्हणून सध्या मुकादम.

गोदूची हळद मी लावते. मंगळवारी सकाळच्या गाडीनं येते, बैलगाडी एस.टी.च्या थांब्यावर पाठवा. गोदूनं माझं काही वाकडं केलेलं नाही, आणि धवल्याशिवाय हळद धुऊन टाकीन म्हणणारी पोर मला आवडली. धवला नवरीसाठी असतो, तिच्या बापाचा राग आला म्हणून तो अडवायचा नसतो. हे मला आठ दिवस आधी सुचायला हवं होतं. विडा नवा पाठवा, परत आलेला नको.

पण देवांना हाक मारण्याआधी मांडवात, कोंडाजी आणि बाकीचे जमले असतील त्यांच्यासमोर, तुम्ही मोठ्यानं म्हणायचं की आवडाबाईचं डोकं ठिकाणावर आहे. म्हणजे माघातल्या पोरी नांदायला मोकळ्या, चैत्रातल्या मोकळ्या, आणि ओटीवर पाय पसरून बसलेली ती एक उठून पाणी भरेल, तिला वाटलं तर. आता नीट ऐका. डोकं माघात ठिकाणावर, चैत्रात ठिकाणावर आणि मेळ्याच्या एका दिवसापुरतं फिरलेलं, असं होत नाही. मी नातीला मेळ्याला नेलं ते शुद्धीत. पाळण्यात बसवलं ते शुद्धीत. विमानात तिला पुढं बसवलं आणि मी मागं बसले, तेही शुद्धीत. नारळ आणणार नाही. चुकलं म्हणणार नाही. तुमच्या आळीतल्या बायकाही त्या विमानात बसून आल्यात. कोण त्या, ते मी सांगणार नाही, तुम्ही घरोघर दात मोजत फिरा.

राहिला साखरपुडा. तो परत करायचं तुम्ही सोमवार धरून बसलात. मी विचारते, लग्न तुम्हाला करायचंय का? तुम्हाला एक बायको आहे, ती भिंतीला डोकं टेकून बसलीय, तिच्याकडे बघा. ज्याला लग्न करायचंय तो आजवर काही बोललेला नाही. आमची बोलली. काय बोलली ते तिचं आणि माझं. पण ती बोलली आणि तुमचा बोलला नाही, एवढं मी तोंडावर सांगते.

म्हणून असं करायचं. मेळा ३१ तारखेपर्यंत आहे. फोटो दारातच आहे, खिळा मी सरळ करून घेतलाय. तो राहू द्यायचा की उतरवायचा, हे दयारामानं ठरवायचं. त्याला लिहिता येतं, मिठाच्या गोणींवर नावं तोच घालतो. त्यानं उतरवायला सांगितलं तर मी स्वतः जाऊन उतरवीन, आणि तुमचा साखरपुडा तुम्ही मागायच्या आत पायरीवर आणून ठेवीन, एक शब्द न बोलता. तसं मी आजवर कधी केलेलं नाही, तेव्हा बघायला या. राहू दे म्हणाला, तर त्यानं ते आधी तुमच्यासमोर उभं राहून म्हणायचं आणि मगच लिहायचं.

या पत्राला उत्तर तुम्ही लिहू नका. माझ्या पोरालाही मध्ये घेऊ नका, तो घाबरतो. उत्तर दयारामानं लिहायचं, त्याच्या हातानं, आणि मला नाही, कमळला. पत्ता मनुबाईला पाठ आहे, त्याला लिहून घ्यायला सांगा.

आवडाबाई